वीस शब्दांना एक उत्तर

डोबेल्न, ८ सप्टेंबर १९९१

प्रिय रोस्विता,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. गेल्या वर्षी ईस्टरला आपण दोघी बहिणी समोरासमोर दोन तास बसलो, केक खाल्ला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि तू साडेपाचच्या गाडीने ब्रेमेनला निघून गेलीस. त्यानंतर मी लिहिलं नाही. आज लिहितेय ते कामापोटी, उगाच आडपडदा कशाला.

माझी रशियन गेली. दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि आमच्या पूर्वेकडच्या पालकांनी एकजात लिहून दिलं की आमच्या मुलांना इंग्रजीच हवी. शाळेत रशियन शिकवणाऱ्या आम्ही सहाजणी होतो. दोघी घरी बसल्या, एक विमा विकते. उरलेल्या तिघींना वरून कागद आला की येत्या जूनमध्ये इंग्रजीची शिक्षक-परीक्षा द्या; पास झालात तर वर्ग तुमचा, नाहीतर रामराम. मी त्रेपन्न वर्षांची आहे आणि शिकवण्याखेरीज मला काही येत नाही. विमा विकायला गेले तर गिऱ्हाइकालाच प्रश्न विचारून मार्क देत बसेन.

तोवर पाचवीला इंग्रजी शिकवायला लावलंय. मी मुलांच्या जेमतेम तीन धडे पुढे आहे. परवा वर्गात शिरले आणि सवयीने रशियनमध्ये नमस्कार ठोकला. मुलं खो खो हसली. मीही हसले आणि इंग्रजीत पुन्हा केला.

दर शनिवारी लाइपझिगला शिकायला जाते. शेजारच्या बाकावर केर्स्टिन ऊलिग बसते. सव्वीस वर्षांची पोर, एकेकाळी माझ्याच वर्गात होती आणि रशियनमध्ये मी तिला काठावर पास केलं होतं. आता ती माझ्या वहीत डोकावते आणि हळूच म्हणते, "सायफर्टबाई, इथे चुकलंय." मी खोडून पुन्हा लिहिते.

रोजच्या वापरातले शब्द येतात गं मला. पण परीक्षेला वरच्या पायरीचे लागतात. एका 'चालणे'साठी बावीस शब्द दिलेत, एका 'बघणे'साठी सतरा. मी स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक खण रिकामा करून त्याचे पाच कप्पे केले आणि शब्दांची कार्डं भरली. एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. शब्द आला की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकला की पुन्हा पहिल्यात. पाचव्यात पोचला तो कायमचा आपला. सध्या पाचव्यात नऊ कार्डं आहेत आणि पहिल्या कप्प्यामुळे खण बंद होत नाही.

तू म्हणाली होतीस की जहाज कंपनीच्या ऑफिसात परदेशी पत्रव्यवहार बघतेस. म्हणजे दिवसभर इंग्रजीच. सोबत वीस कार्डं आहेत. तपासून परत पाठवशील? टेलिफोनसाठी अर्ज करून अकरा वर्षं झाली, अजून नंबर लागला नाही, तेव्हा टपालावाचून इलाज नाही.

तुझी,
गुडरून


ब्रेमेन, १९ सप्टेंबर १९९१

प्रिय गुडरून,

सतरा वर्षांत तुझं वाढदिवसाचं एक कार्ड आलं नाही आणि आता एकदम वीस. पोस्टमनने विचारलं, काय समारंभ आहे का घरात. म्हटलं, हो, मोठ्या बहिणीला माझी आठवण झालीय.

कार्डं तपासली. हिरव्या पेन्सिलीने लिहिलंय ते माझं. 'ट्रज' तू नुसतं 'चालणे' म्हणून लिहिलंस. ते जड पावलांनी, दमून चालणं आहे. उदाहरण देते: थकलेले सैनिक बर्फातून ट्रज करत छावणीत परतले. 'सॉन्टर' म्हणजे रमतगमत. 'ग्लान्स' आणि 'ग्लेअर' यांची तू अदलाबदल केलीस. पहिली ओझरती नजर, दुसरी खाऊ की गिळू अशी. दुसरीची तुला सवय आहे, मग चुकलीस कशी?

पाठवत जा. ऑफिसात काम फार आहे, पण संध्याकाळी वेळ काढीन. फक्त एक अट. दर वीस शब्दांमागे माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, खरं खरं. तू आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेस, आता माझी पाळी.

पहिला प्रश्न सोपा आहे. आई शेवटच्या वर्षांत कुठल्या खोलीत झोपायची?

रोस्विता


डोबेल्न, ६ ऑक्टोबर १९९१

प्रिय रोस्विता,

मागच्या खोलीत. तिथली खोली गरम करायची भट्टी लवकर तापायची आणि खिडकीतून बेकरीचं दार दिसायचं. डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे माणसं ओळखू यायची नाहीत. मग पावलांवरून ओळखायची. "ही हार्टमनबाई, ही टाच घासते," असं बसल्याजागी सांगायची. झालं तुझं उत्तर.

आता माझी हकिकत. काल लाइपझिगला आम्हाला बावीस प्रकारे चालायला लावलं. थट्टा नाही, शब्द अंगात भिनावेत म्हणून. बाकं भिंतीला लावली. बहुतेक चाळीस-पन्नाशीच्या एकोणीस शिक्षिका आणि दोन शिक्षक गोल गोल फिरतायत. शिकवणारा तरुण इंग्लंडमधल्या लीड्सहून आलाय, तो शब्द पुकारतो आणि आम्ही तसं चालायचं. 'लिंप' म्हटलं की लंगडायचं, 'स्ट्रट' म्हटलं की छाती काढून मिरवायचं. मिरवण्यात माझा पहिला नंबर आला. केर्स्टिन म्हणाली, "बाई, तुम्हाला वेगळा सराव लागलाच नाही, वर्गात रोज अश्शाच यायच्या की." सगळे हसले. मला राग आला आणि मग ओसरला.

पण रोस्विता, घरी आल्यावर नीट बसवत नाही. भांडी घासताना शब्द, जिना चढताना शब्द. दूध आणायला निघाले की आपण आत्ता कुठलं चालतोय ते आठवत बसते आणि दूध विसरते. रात्री पाठ झालेलं सकाळी पुसलेलं असतं. पन्नाशीनंतर डोकं गळतं की काय? जूनपर्यंत नऊशे शब्द व्हायला हवेत. दिवस मोजते, कार्डं मोजते, उठून पुन्हा कार्डं मोजते. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये दार वाजलं तरी वाटतं, आता बोलावणं आलं.

सोबत वीस कार्डं. या वेळी मनातल्या गोष्टींचे शब्द आहेत, ते मला अवघड जातात.

गुडरून


ब्रेमेन, २५ ऑक्टोबर १९९१

प्रिय गुडरून,

उशीर झाला, ऑफिसात वर्षअखेरीची घाई आत्तापासूनच सुरू झालीय.

'रिलक्टंट' बरोबर आहे, मन मागे ओढत असतं तो भाव. 'ग्रजिंग' मध्ये आणखी थोडा आंबटपणा आहे, देतो पण कुरकुरत देतो. 'रिग्रेट' आणि 'रिमोर्स' हे दोन्ही तू 'पश्चात्ताप' म्हणून लिहिलेस. एक नाहीत ते. गाडी चुकली तरी रिग्रेट होतं. रिमोर्सला आपण स्वतः काही वाईट केलेलं असावं लागतं आणि ते आतून कुरतडत असतं. दोघांची वेगवेगळी कार्डं कर.

डोकं गळतं वगैरे बोलू नकोस. विसरलेला शब्द पुन्हा पहिल्या कप्प्यात टाक, एवढंच तर करायचंय.

आता दुसरा प्रश्न. १९७४ पासून मी आईला लिहिलेली पत्रं परत येऊ लागली. पाकीट न फोडता, वर शिक्का 'स्वीकारण्यास नकार'. एकूण एकतीस पत्रं. आई गेल्याचं मला सहा आठवड्यांनी त्या शेजारच्या हार्टमनबाईच्या पोस्टकार्डावरून कळलं. त्याआधी येऊन तरी गेले असते, पण आमंत्रणाशिवाय मला तुमच्याकडे येता येत नव्हतं आणि आमंत्रण कोणी पाठवलं नाही. ईस्टरला केक खाताना हे जिभेवर आलं होतं, पण केकबरोबर गिळलं.

पत्रं कोणी नाकारली? सरकारने, पोस्टाने, की घरातल्या कोणी?

रोस्विता


डोबेल्न, १७ नोव्हेंबर १९९१

प्रिय रोस्विता,

या वेळी चाळीस कार्डं पाठवतेय, कारण वेळ कमी आहे. बोलण्याच्या तऱ्हा आहेत बहुतेक: पुटपुटणं, कुजबुजणं, तोतरं बोलणं, थाप मारणं, शब्द फिरवणं. इंग्रजांच्या भाषेत खोटं बोलायच्या इतक्या तऱ्हा आहेत हे मला माहीत नव्हतं.

इकडे थंडी पडलीय. सराव परीक्षेत केर्स्टिन पहिल्या वर्गात आली, मी काठावर. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, तुम्हाला शब्द येतात, पण तुम्ही ते उलटतपासणीला उभं राहिल्यासारखे बोलता." मी म्हटलं, मला तसंच बोलता येतं.

तुझा प्रश्न वाचला. तो पहिल्या कप्प्यात आहे. मला थोडा वेळ दे.

गुडरून


ब्रेमेन, २ डिसेंबर १९९१

गुडरून,

नाही. अट म्हणजे अट. चाळीस कार्डं माझ्या टेबलावर पडून आहेत. उत्तर आलं की तपासली जातील.

रोस्विता


डोबेल्न, १२ जानेवारी १९९२

प्रिय रोस्विता,

नाताळ गेला, नवं वर्ष गेलं. तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा फाडलं. आज फाडणार नाही.

पत्रं मी नाकारली.

१९७४ च्या मार्चमध्ये हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता. पश्चिमेकडच्या नातेवाइकांशी माझा कसलाही संबंध नाही आणि राहणार नाही, असं त्यावर लिहिलेलं. ते म्हणाले, "सायफर्टबाई, रशियन विभागाचं प्रमुखपद रिकामं आहे, आणि उन्हाळ्यात लेनिनग्राडला तीन आठवड्यांचा वर्ग आहे. बहिणीचं काय ते एकदा मिटवून टाका." कोणी धमकावलं नाही. सही केली नसती तर नोकरीही गेली नसती, फक्त मी होते तिथे राहिले असते. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण आजकाल आमच्याकडे जो तो सांगतो की मला भाग पाडलं. मला भाग पाडलं नाही. मला लेनिनग्राडला जायचं होतं.

सही केल्यावर तुझी पत्रं घरात येऊन चालणार नव्हती. मी टपालवालीला जिन्यातच सांगून ठेवलं. आईला दिसत नव्हतं, तिला काही कळलं नाही. ती विचारायची, रोझीचं आलं का काही? मी म्हणायचे, तिकडचं टपाल वेळ घेतं. ती तुला पत्र सांगायची आणि मी लिहून घ्यायचे. मग ते पत्र पेटीत न टाकता भट्टीत टाकायचे. ठेवायची भीती वाटत होती. अशी पाच-सहा असतील. काय लिहिलं होतं ते सगळं आता आठवतही नाही, एवढंच आठवतं की प्रत्येक पत्रात ती विचारायची, जेवतेस ना नीट.

शेवटच्या हिवाळ्यात तिने विचारणं सोडलं. तिला वाटलं तू तिला विसरलीस. मी तिला तसंच वाटू दिलं. फेब्रुवारीत ती गेली.

लेनिनग्राड फार सुंदर होतं. एकही दिवस मला नीट बघता आलं नाही.

तू कार्डं परत पाठवली नाहीस तरी माझं काही म्हणणं नाही. पण मला परीक्षा पास व्हायचंय. हे याच पत्रात लिहिणं निर्लज्जपणाचं आहे, तरी लिहिते. ज्या खुर्चीसाठी मी हे केलं, तीही गेली तर माझ्याकडे काहीच उरत नाही.

गुडरून


ब्रेमेन, २३ फेब्रुवारी १९९२

गुडरून,

सहा आठवडे मी तुझं पत्र घेऊन फिरतेय. कामावर नेते, परत आणते. कुठे ठेवावं ते कळत नाही.

मला कायम वाटायचं की सरकारने केलं असेल. अठरा वर्षं मी एका सरकारवर चिडून होते आणि त्यात निदान एकटी नव्हते. आता ते सरकारही राहिलं नाही आणि रागाला तुझं तोंड आलं. ते तोंड माझ्यासारखंच आहे, मी आरशात बघते आणि तू दिसतेस.

आई मरताना समजत होती की मी तिला टाकलं. यावर तुझ्या बावीस आणि सतरा शब्दांतला कुठला लावू, सांग.

तुझ्याकडून खरं मागितलं, तर माझंही ऐक. मी कुठल्याही जहाज कंपनीत नाही. तेवीस वर्षं कॉफीच्या कारखान्यात पाकिटं भरते, सकाळची पाळी. ईस्टरला तू विचारलंस, "आणि तू काय करतेस?" आवाज असा, की शाळा तपासायला आली आहेस. मागे भिंतीवर तुझी प्रमाणपत्रं टांगलेली. तोंडातून ऑफिस निघून गेलं.

तुझी पहिली कार्डं आली तेव्हा त्यातले चौदा शब्द मला येत नव्हते. मी शब्दकोश आणला आणि रात्रशाळेत नाव घातलं, मंगळवार आणि गुरुवार. कामावर पाकिटं भरताना तुझेच शब्द म्हणायचे. बायका म्हणायच्या, "रोझी, कोणाशी बोलतेस?" मी सांगायचे, बहिणीशी. तुझी मुलं तुझ्या तीन धडे मागे आहेत ना, मी तर तुझ्या एक कार्ड पुढे होते, तेही कधीकधी नव्हते. सतरा वर्षांनी तू माझ्याकडे काहीतरी मागितलं होतंस आणि ते माझ्याकडे नाही, असं म्हणायची माझी तयारी नव्हती.

चाळीस कार्डं तपासून सोबत पाठवलीत. उत्तर दिलंस, म्हणून. यापुढे पाठवू नकोस.

रोस्विता


डोबेल्न, ८ मार्च १९९२

प्रिय रोस्विता,

कार्डं पाठवत नाही, नुसतं पत्र पाठवतेय. घ्यायचं नसेल तर न फोडता परत कर. तेवढा हक्क तुला आहे.

तुझ्या ऑफिसचं मला माहीत होतं. पहिलं पाकीट आलं तेव्हाच. ते थकलेले सैनिक माझ्याही शब्दकोशात पान आठशे बारावर बर्फ तुडवतायत. आणि तुझ्या चुका दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या होत्या, ऑफिसात रोज इंग्रजी लिहिणारी बाई त्या करत नाही. तीस वर्षं वह्या तपासल्यात मी, माझ्यापासून ते लपत नाही. चाळीस कार्डांतही चार चुका आहेत. त्या मी दुरुस्त केल्या नाहीत, तशाच खणात ठेवल्यात.

तपासणी मला केर्स्टिनकडूनही करून घेता आली असती, जास्त चांगली. तुझ्याकडे पाठवत राहिले, कारण पाकीट परत यायचं आणि त्यावर तुझं अक्षर असायचं. मग एकदा हिरवी पेन्सिल बोथट झालेली दिसली. म्हटलं, ही माझ्यासाठी बसून काहीतरी करतेय. तुझी लबाडी उघडी पाडली असती तर तू थांबली असतीस, म्हणून गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

रिग्रेट आणि रिमोर्सची वेगळी कार्डं केलीत.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुझ्यावर ती द्यायचं ओझं येईल.

गुडरून


डोबेल्न, १४ जून १९९२

प्रिय रोस्विता,

मार्चचं पत्र परत आलं नाही, म्हणून हे लिहायचं धाडस करतेय. तू विचारलेलं नाहीस, तरी परीक्षेचं सांगते. सांगायला दुसरं कोणी नाही असं नाही, पण हे दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

लेखी उत्तम झाली. आठशे सत्तर शब्द पाचव्या कप्प्यात होते आणि लिहिताना एकेक नीट रांगेने आला. केर्स्टिनपेक्षा मला दोन गुण जास्त पडले. ती म्हणाली, "बाई, आता तोंडीला फक्त श्वास घ्या, बाकी सगळं होतं आपोआप."

तोंडी गुरुवारी होती. लांब टेबलाच्या पलीकडे तिघंजण, मधे एक इंग्रज बाई, पांढऱ्या केसांची, चेहऱ्यावरून भली. टेबलावर माझ्या नावाचा छापील कागद. मी बसले. माझी तयारी पर्यावरणावर होती, शिक्षणपद्धतीवर होती, शहरीकरणावर होती. त्या बाईंनी मला जरा मोकळं वाटावं म्हणून हसून सुरुवातीचा प्रश्न विचारला, आपण पाचवीच्या मुलांना दुसऱ्या आठवड्यात विचारतो तोच. तुम्हाला भाऊबहीण आहेत का?

रोस्विता, माझ्या तोंडून 'न्येत' निघालं.

रशियनमध्ये. नाही. विचार न करता, ताठ बसून. छापील कागद, टेबलाच्या पलीकडे तीन माणसं, आणि हा प्रश्न. त्याला मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आले होते. जीभ मला न विचारता तिथे जाऊन पोचली.

तिघंही हसले, दुष्टपणे नाही. त्यांना वाटलं, रशियनची जुनी शिक्षिका आहे, घाबरून भाषेत घोटाळा झाला. त्या बाई म्हणाल्या, काही हरकत नाही, म्हणजे तुम्ही एकुलत्या एक तर. आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

मला पुढे जाता येईना. मी म्हटलं, थांबा. इंग्रजीत म्हटलं. मग 'माझी एक बहीण आहे' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द, पाचवीतले. आणि ते येईनात. तोंड उघडलं की रडू यायचं, बंद केलं की सगळे वाट बघत बसायचे. बाईंनी पाणी पुढे केलं. बारा मिनिटांतली नऊ अशीच गेली. शेवटी घंटा झाली आणि मी काही न बोलता उठले. दाराशी कुठल्या चालीने गेले ते मला माहीत नाही.

तोंडीत नापास. लेखी चांगली म्हणून आणखी एक संधी दिलीय, १२ सप्टेंबरला. तेव्हाही नापास झाले तर शाळा संपली. हेडबाई चांगल्या आहेत, म्हणाल्या, "गुडरून, एवढं साधं कसं अडलं तुमचं?" मी म्हटलं, सवय.

शब्दांचा आता प्रश्न नाही. खण भरलाय. पण त्या खोलीत परत बसायचं आहे आणि त्या बाई पुन्हा तेच विचारतील, मोकळं वाटावं म्हणून. मला झोप लागत नाही.

गुडरून


ब्रेमेन, २२ जून १९९२

गुडरून,

तुझं पत्र रात्रशाळेत नेलं होतं. वर्ग सुटल्यावर पायऱ्यांवर बसून वाचलं, मग पुन्हा वाचलं. शेवटची ट्राम चुकली. चालत घरी आले, आणि कुठल्या चालीने ते विचारू नकोस.

माफ केलंय असं समजू नकोस. ते मला जमेल की नाही हे मलाच ठाऊक नाही, आणि कोणी घाई केली तर मुळीच जमणार नाही.

पण तोंडी परीक्षा कार्डांवर होत नसते. समोर माणूस लागतो. कारखान्यात मी तीन आठवड्यांची रजा टाकलीय. येत्या शनिवारी दुपारी दोन दहाच्या गाडीने उतरते. तुझ्याकडे राहणार नाही, स्टेशनजवळ खोली घेईन. सकाळी आठला येईन, बाराला जाईन. आईविषयी मी काढल्याशिवाय तू बोलायचं नाहीस. माझं इंग्रजी तुझ्याहून कच्चं आहे ते तुला माहीतच आहे, तेव्हा शब्दांत मला दुरुस्त करत बसू नकोस. मला फक्त प्रश्न विचारायचा आहे, आणि तो एक मला बिनचूक येतो.

स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं कर. तू एका बाजूला बसायचं, मी दुसऱ्या. रोज सकाळी पहिल्यांदा मी तुला तेच विचारीन, भाऊबहीण आहेत का म्हणून, आणि तू माझ्याकडे बघून उत्तर द्यायचं. रडलीस तरी चालेल, मी घड्याळ लावणार नाही. नीट जमेपर्यंत मी विचारत राहीन.

रोस्विता